पीक विम्याचा हप्ता आणि एकाच वेळी येणारी संकटे

कर्जत व खालापूर तालुक्यांत डोंगरांच्या पायथ्याशी आणि उतारांवर ठाकूर समाजाच्या पुष्कळ वाड्या आहेत. 'ठाकुरवाडी' हे नाव या भागात एकाच वस्तीचे नाही. ओढ्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी असे अनेकदा आढळते. अशा कोणत्याही वाडीत शेतीच्या नुकसानीवर एक जुना इलाज चालत आलेला आहे. एखाद्याचा बैल ऐन चिखलणीत पडला तर शेजारी आपली जोडी देतो. कोणाचे आवण खेकड्यांनी कातरले तर ज्याच्याजवळ रोपे उरली असतील तो चार मुठी रोपे देतो. घरात दुखणे आले तर लावणीला सावडीने माणसे येतात. या व्यवहारास कोणी विमा म्हणत नाही. तथापि विम्याचे सारे तत्त्व त्यात आहे. एकाच्या हानीचा भार अनेकांनी थोडाथोडा उचलावयाचा आणि आपली पाळी आली म्हणजे तोच आधार आपणांस मिळेल असा भरवसा बाळगावयाचा.

हा इलाज केव्हा निकामी होतो, हेही वाडीतील वृद्धांना चांगले ठाऊक असते. ऑक्टोबरात हळवे भात कापून खाचरात पसरलेले आहे आणि चार दिवस पावसाने झोड उठवली, तर एका घरचेच भात भिजत नाही, साऱ्या वाडीचे भिजते. ज्याच्याकडे मागावयाचे त्याच्याच कणगीत त्या वर्षी काही नसते. बैलाचे मरण आणि अवेळचा पाऊस ही दोन्ही संकटेच. पण पहिले घर निवडून येते व दुसरे सर्वांच्या दारात एकदम येते. पीक विम्याचा हप्ता ठरविणाऱ्या गणितज्ञापुढे जी मुख्य अडचण आहे ती हीच होय. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास शेतकरी नेहमी विचारतात, "हप्ता इतकाच का? आणि हप्ता भरूनही आमच्या वाडीला भरपाई का मिळाली नाही?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या एका गोष्टीत दडलेली आहेत, म्हणून तिचा थोडा सविस्तर विचार करणे अगत्याचे आहे.

शंभर शेतकऱ्यांचा हिशेब

हिशेब सोपा जावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. शंभर शेतकरी आहेत. प्रत्येकाने १,००० रुपयांचा विमा उतरविला आहे. प्रत्येकाचे पीक दहा वर्षांत सरासरी एकदा पूर्ण बुडते. अर्थात प्रत्येकी सरासरी वार्षिक हानी १०० रुपये, आणि खर्चवेच सोडून दिल्यास हप्ताही १०० रुपये. दरसाल १०,००० रुपये गोळा होतात आणि सरासरीने तितकेच वाटले जातात. येथवर कोणतीही शंका नाही.

आता समजा, या शंभरांची संकटे एकमेकांपासून अगदी स्वतंत्र आहेत, बैलाच्या मरणासारखी. मग एखाद्या वर्षी सात जणांना भरपाई द्यावी लागेल, एखाद्या वर्षी तेराजणांना. संख्याशास्त्रज्ञ ज्यास प्रमाण विचलन म्हणतात, म्हणजे सरासरीच्या अवतीभवती आकडा साधारणपणे किती हेलकावे खातो त्याचे माप, ते येथे ३ येते. सरासरी १० आणि हेलकावा ३. एकोणीसांहून अधिक दावे येणे हा दुर्मिळ प्रसंग. थोडी गंगाजळी जवळ असली की विमेदार निश्चिंत.

उलट टोक असे, की शंभरही शेतकऱ्यांचे पीक बुडते ते एकदमच. नऊ वर्षे एकही दावा नाही आणि दहाव्या वर्षी पुरे शंभर दावे, म्हणजे १,००,००० रुपये. सरासरी तीच, १०,००० रुपये. पण वाईट वर्ष दहाव्याच साली येईल असा करार पावसाने केलेला नाही. ते पहिल्या नऊ वर्षांत केव्हाही आले, तर साठलेले हप्ते भरपाईस पुरणार नाहीत. आणि ते पहिल्या नऊ वर्षांत येण्याचा संभव शेकडा सुमारे ६१ आहे. म्हणजे पाचांतील तीन वेळा ही योजना आपला शब्द पाळू शकणार नाही, हप्ता सरासरीने अगदी बिनचूक असूनही.

वस्तुस्थिती या दोन टोकांच्या मध्ये असते. दोन शेतांच्या हानीचा एकमेकींशी किती संबंध आहे हे दाखविण्यासाठी सहसंबंध गुणक वापरतात. तो शून्य असला तर संबंध नाही. एक असला तर दोन्ही शेते एकाच काठीने हाकली जातात. समजा हा गुणक अवघा ०.२ आहे. आकडा लहान दिसतो, पण शंभर शेतकऱ्यांच्या हिशेबात दाव्यांच्या संख्येचा हेलकावा ३ वरून सुमारे १३.७ वर जातो. निराळ्या शब्दांत सांगावयाचे तर हे शंभर शेतकरी विम्याच्या दृष्टीने पाच स्वतंत्र शेतकऱ्यांइतकेही उरत नाहीत.

येथे अनेकांची एक समजूत तपासून पाहावी लागते. शंभरांऐवजी एक लाख शेतकरी सामील केले तर जोखीम विरून जाईल, असे बहुतेकांस वाटते. योजनेच्या सभांतूनही तसे सांगितले जाते. संकटे स्वतंत्र असतील तर ते खरे आहे. परंतु त्या लाख शेतकऱ्यांतही आपापसांत गुणक ०.२ असेल, तर शेकडा दाव्यांचा हेलकावा १३.७ वरून फक्त १३.४ वर येतो. त्याच ढगाखालचे आणखी शेतकरी आणून काही साधत नाही. दुसऱ्या ढगाखालचे शेतकरी आणावे लागतात. तितकीच जोखीम असलेला, पण पहिल्याशी संबंध नसलेला दुसरा प्रदेश जोडला की हाच हेलकावा ९.५ वर उतरतो. म्हणूनच सध्याच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत निविदा मागविताना कमी व अधिक जोखमीचे जिल्हे एकत्र करून त्यांचे गट बांधण्याची रीत ठेवली आहे.

हप्त्यावर याचा परिणाम असा. हेलकाव्याच्या तिप्पट रक्कम विमेदाराने राखून ठेवावी आणि त्या रकमेवर वर्षाला शेकडा १० खर्च पडतो असे धरले, तर स्वतंत्र संकटांच्या बाबतीत ९,००० रुपये राखावे लागतील. त्याचा खर्च दर शेतकऱ्यामागे ९ रुपये, म्हणजे हप्ता १०९. गुणक ०.२ असता ४१,००० रुपये राखावे लागतील आणि हप्ता १४१ होईल. शंभरही जण एकदम बुडणारे असतील तर ९०,००० रुपये आणि हप्ता १९०. तिन्ही ठिकाणी शेतकऱ्याची सरासरी हानी १०० रुपयेच आहे. वरचे ९, ४१ किंवा ९० रुपये हे पिकाच्या धोक्याचे मोल नसून, धोका सर्वांवर एकदम येण्याचे मोल आहे. (खरे पाहता संकटे जोडलेली असली म्हणजे हेलकाव्याच्या तिप्पट हेही माप अपुरे पडते, कारण वाईट बाजूचे टोक लांब असते. ते पुढे येईल.)

संकटे जोडलेली असण्याचा आणखी एक परिणाम, तोही उलट दिशेचा, ध्यानात ठेवावा. पावसाच्या खंडासाठी शेकडा १० आणि रोगासाठी शेकडा १० असे दोन दर काढून २० चा हप्ता लावला, आणि खंडामुळे लावणी लांबल्याच वर्षी रोगही येत असेल, तर एकदा बुडालेले पीक दुसऱ्यांदा बुडत नाही. भरपाई एकदाच द्यावी लागते. दोन्ही संकटे नेहमी बरोबरच येत असतील तर खरा दर १० च आहे. अगदी स्वतंत्र असतील तर १९. तेव्हा परस्परसंबंध न पाहता केलेली बेरीज कधी विमेदारास बुडविते, तर कधी शेतकऱ्यावर अकारण बोजा टाकते.

या देशातील अनुभव

आपल्या देशात या प्रश्नाचा विचार नवा नाही. म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात प्रत्येक शेताची हानी मोजण्याऐवजी पावसाच्या नोंदीवर विमा बांधण्याची योजना मांडली होती. पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली क्षेत्रावर आधारित विम्याची मांडणी केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की एकेका शेतकऱ्याचे नुकसान मोजणे खर्चाचे, आणि तेथे फसवणुकीस वावही पुष्कळ. त्याऐवजी सारखी जमीन व सारखे हवामान असलेल्या टापूत पीक कापणी प्रयोग करून सरासरी उत्पन्न काढावे आणि ते ठरलेल्या उंबरठ्याखाली गेले तर टापूतील सर्व विमाधारकांस सारख्या प्रमाणात भरपाई द्यावी. १९७९ चा प्रायोगिक पीक विमा आणि १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना या विचारावरच उभ्या राहिल्या.

सर्वंकष योजनेत तृणधान्यांस शेकडा २ व कडधान्ये आणि गळितधान्ये यांस शेकडा १ असा हप्ता होता. तो गणिताने काढलेला नव्हता. परवडेल असा ठरविलेला होता. १९९९ पर्यंतच्या काळात गोळा झालेल्या हप्त्यांच्या पाचपटींहून अधिक भरपाई द्यावी लागली, आणि तिचा फार मोठा वाटा गुजरातेतील भुईमुगाकडे गेला. एकच पीक, एकच कोरडवाहू टापू आणि एकाच पावसाचा फटका. वरील शंभर शेतकऱ्यांचे उदाहरण तेथे प्रत्यक्षात उतरले. त्यानंतर १९९९-२००० च्या रब्बीपासून राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना आली. हिच्यात हप्त्याचा पूर्ण दर विमा कंपन्या गणिताने काढून निविदेत भरतात. शेतकऱ्याकडून खरिपास शेकडा २, रब्बीस १.५ आणि नगदी व बागायती पिकांस ५ यांपेक्षा अधिक घ्यावयाचे नाही असा दंडक आहे, आणि उरलेला भार केंद्र व राज्य शासन वाटून घेतात. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा वाटा केवळ एक रुपया ठेवण्यात आला होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत थांबून मूळ दर पुन्हा लागू झाले.

भारतासारख्या विस्तीर्ण देशात एका कोपऱ्यात दुष्काळ पडला तरी दुसऱ्या कोपऱ्यात पीक येते, हा भरवसा बव्हंशी खरा आहे. पण तोही वाईट वर्षी ढळतो. २००२ साली देशभराचा मोसमी पाऊस सरासरीच्या शेकडा १९ ने व २००९ साली शेकडा २२ ने कमी झाला. अशा वर्षी जे प्रदेश एरवी एकमेकांचे नुकसान भरून काढतात तेच एकत्र तुटीत जातात. भारतीय विमेदार आपल्या जोखमीचा काही भाग पुनर्विमा करून परदेशांतील कंपन्यांकडे सोपवितात याचे कारण हेच. तिकडच्या शेतावर आपला मोसमी पाऊस पडत नाही.

चांगल्या वर्षांवरून वाईट वर्षाचा अंदाज

या विषयातील सर्वांत फसवी जागा येथे आहे. दोन महसूल मंडळांच्या मागील दहा वर्षांच्या उत्पन्नावरून सहसंबंध काढला तर तो कमी येण्याचा संभव असतो. कारण साधारण वर्षी एकाचे उत्पन्न थोडे वर जाते ते खताच्या वापरामुळे, दुसऱ्याचे थोडे खाली येते ते खोडकिडीमुळे. या बारीकसारीक चढउतारांत परस्परसंबंध नसतो. परंतु अतिवृष्टी झाली किंवा पाऊस महिनाभर आधी गेला, की दोन्ही मंडळे बरोबर खाली येतात. संबंध नेहमीच्या वर्षांत सैल आणि आपत्तीच्या वर्षी घट्ट, असा हा प्रकार आहे. दोन्ही मंडळांत वाईट वर्ष दहांत एकदा येते असे धरू. संकटे स्वतंत्र असतील तर दोन्ही एकदम बुडण्याचा संभव शंभरांत एक. पण एक बुडाल्यावर दुसरे बुडण्याचा संभव दहांत सहा असेल, तर तोच आकडा शंभरांत सहा होतो. विमेदाराची गंगाजळी या सहापटीत बुडते आणि दहा वर्षांच्या सरासरी सहसंबंधात ही सहापट दिसतच नाही.

यासाठी गणितज्ञांनी निराळे साधन काढले आहे. प्रत्येक मंडळाचे उत्पन्न कसे हेलकावते ते एकदा वेगळे मांडावयाचे, आणि ती मंडळे एकमेकांशी कशी जोडली आहेत ते स्वतंत्रपणे मांडावयाचे. या जोडणीच्या सूत्रास कॉप्युला म्हणतात. १९५९ साली एब स्क्लार या गणितज्ञाने ते नाव रूढ केले. जोडणीची सूत्रे अनेक प्रकारची आहेत. काहींत टोकाच्या वाईट प्रसंगी संबंध विरळ होत जातो, काहींत तो घट्ट राहतो. पहिल्या प्रकारचे सूत्र सोपे व सोयीचे असते म्हणून ते लावले, तर हप्ता कमी निघतो आणि पहिल्याच अस्मानी वर्षी योजना उताणी पडते. अमेरिकेत घरकर्जांच्या बाबतीत असेच सोयीचे सूत्र पुष्कळांनी विश्वासाने वापरले होते. २००८ साली त्याचे फळ साऱ्या जगाने पाहिले.

दुसरी अडचण नोंदींच्या तोकडेपणाची. उंबरठा उत्पन्न काढताना मागील सात वर्षांतील चांगली पाच वर्षे धरतात. दहांत एकदा येणारे संकट सात वर्षांत मुळीच न दिसण्याचा संभव शेकडा ४८ आहे. म्हणून केवळ पीक कापणीच्या आकड्यांवर न विसंबता पावसाच्या जुन्या नोंदींचा आधार घ्यावा लागतो. पुण्याच्या हवामान खात्याने साऱ्या देशाच्या दैनिक पावसाचे १९०१ पासूनचे चौकटवार तक्ते तयार केलेले आहेत. चौकट पाव अंशाची, म्हणजे बाजूस सुमारे २७ किलोमीटर. सपाट मुलखात ही चौकट ठीक. परंतु एकाच चौकटीत माथेरानचा माथा, कर्जतची खाचरे आणि घाटाचा उतार यांतील पुष्कळसा भाग एकत्र येईल अशा प्रदेशात ती किती उपयोगी पडेल याचा विचार स्थानिक कार्यकर्त्यानेच करावयास हवा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच शहरात कुलाब्यास ७३ मिलिमीटर. जवळ असणे म्हणजे एकाच संकटाखाली असणे, असे नेहमीच म्हणता येत नाही. आता महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत. त्यांच्या नोंदी वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या म्हणजे या हिशेबास खरा पाया मिळेल.

हळवे आणि गरवे

कोकणात पाऊस कमी पडला म्हणून पीक गेले असे सरसकट म्हणता येत नाही. कर्जतकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. त्यात पाचवा हिस्सा घटला तरी भातास पुरून उरेल इतका पाऊस शिल्लक राहतो. येथे प्रश्न मापाचा नसून वेळेचा आहे. जुलैत लावणीच्या सुमारास खंड पडला तर आवण वाढून जून होते. पाऊस सप्टेंबरातच निघून गेला तर गरव्या भाताचा दाणा भरत नाही. पाऊस ऑक्टोबरात रेंगाळला तर कापलेले हळवे भात खाचरात उगवून येते. वेळेचे महत्त्व इतके, की ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळींची धूळधाण झाली, पण भाताची पेरणी व्हावयाचीच होती. उलट २०१९ च्या ऑक्टोबरअखेर 'क्यार' चक्रीवादळ किनाऱ्यास न लागता समुद्रातूनच निघून गेले, तरी त्या सुमाराच्या पावसाने कोकणातील कापणीचे भात भिजविले.

आता हळव्या व गरव्या भातांची संकटे शेजारी ठेवून पाहावीत. उंचवट्याच्या, पाणी लवकर ओसरणाऱ्या जमिनीत कर्जत-१८४, कर्जत-३ यांसारखी हळवी वाणे घेतात. पाणी धरणाऱ्या खोलगट खाचरांत गरवी. ऑक्टोबराचा जो पाऊस हळव्याचा नाश करतो, तोच गरव्याचा दाणा भरतो. जो पाऊस लवकर गेल्याने गरवे फोल होते, त्याच उघडिपीत हळवे सुखरूप घरी येते. अर्थात ही दोन संकटे सहसा बरोबर येत नाहीत. त्यांचा संबंध उलट आहे. निम्मी जमीन हळव्याखाली व निम्मी गरव्याखाली असलेल्या शेतकऱ्याचा १,००० रुपयांचा विमा आहे आणि दोन्ही भातांचे संकट दहांत एकदा येते असे धरल्यास सरासरी हानी १०० रुपयेच राहते. परंतु दोन्ही एकदम बुडणारी असती तर हेलकावा ३०० रुपये झाला असता, स्वतंत्र असती तर सुमारे २१२, आणि कधीही बरोबर न येणारी असतील तर तो २०० वर उतरतो. दोन प्रकारचे भात ठेवण्याची जुनी पद्धत हा असा विमा आहे, आणि त्याला हप्ता नाही.

परंतु हीच गोष्ट विमा योजनेत शिरली म्हणजे निराळे रूप घेते, आणि वाडीच्या तक्रारीचे मूळ येथे सापडते. भात हे विम्यात एकच पीक धरले जाते. महाराष्ट्रात जोखीमस्तर शेकडा ७० आहे. म्हणजे मंडळाचे सरासरी उत्पन्न नेहमीच्या सरासरीच्या शेकडा ७० च्या खाली आले तरच भरपाई सुरू होते. समजा, एका मंडळात निम्मे क्षेत्र हळव्याचे आणि निम्मे गरव्याचे आहे, आणि दोहोंचे उत्पन्न एरवी सारखे आहे. ऑक्टोबराच्या पावसाने हळव्याचे निम्मे पीक गेले. गरवे पूर्ण आले. मंडळाची सरासरी शेकडा ७५ राहिली. उंबरठा ओलांडला गेला नाही, भरपाई शून्य. आता ठाकुरवाडीची जमीन पाहावी. ती बहुधा उतारावरची, हळव्या भाताची आणि वरकस. खालच्या सपाटीत गरव्याची खाचरे. काही भागांत राजनाल्याच्या कालव्याचे पाणीही आहे. वाडीचे निम्मे पीक गेले, पण सपाटीच्या चांगल्या पिकाने सरासरी सावरली आणि वाडीची हानी कागदावर दिसेनाशी झाली.

विमेदारास मंडळ मिश्र असणे सोयीचे. दावे क्वचित येतात आणि हप्त्याचा दर उतरतो. शेतकऱ्यास मात्र त्याचे शेत आणि मंडळाची सरासरी यांचा संबंध जितका घट्ट तितका विमा उपयोगी. एकाच गुणकाचे हे दोन उलट परिणाम आहेत. मंडळामंडळांतील संबंध सैल असावा आणि मंडळाच्या आत शेताशेतांतील संबंध घट्ट असावा, अशी दोन्ही बाजूंनी चांगली स्थिती होय, आणि प्रा. दांडेकरांनी सारख्या जमिनीचा व सारख्या हवामानाचा टापू घ्यावा असे म्हटले त्याचा अर्थही हाच. महसूल मंडळ ही हद्द सारा वसुलीच्या व नोंदींच्या सोयीसाठी आखलेली आहे. ढगाने किंवा जमिनीच्या उताराने ती आखलेली नाही. डोंगराळ तालुक्यांत ती तशीच्या तशी विम्यास लावली तर उतारावरच्या वाड्यांवर अन्याय होण्याचा संभव राहतो, हे स्पष्टपणे म्हणावयास हवे. २०२५ च्या खरिपात राज्यात भरपाई मुख्यतः हंगामाअखेरच्या उत्पन्नाच्या आकड्यांवर ठेवली गेल्यामुळे या प्रश्नाचे महत्त्व वाढले. वाडीची नाचणी अधिसूचित पिकांत आहे. वरी त्या खरिपाच्या यादीत नव्हती, आणि वरीचे जे नुकसान होते ते कोणत्याच हिशेबात येत नाही.

उरलेला भार कोणी उचलावा

इतके करूनही जे संकट साऱ्या प्रदेशावर एकदम येते त्याचा भार कोणास तरी घ्यावाच लागतो. २०२० च्या सुमारास बीड जिल्ह्यासाठी कंपन्या पुढे येईनात. तेव्हा त्या वर्षीच्या खरिपात निराळी वाटणी ठरविण्यात आली. भरपाई एकूण हप्त्याच्या शेकडा ११० पर्यंत असेल तोवर ती कंपनीने द्यावी, त्यावरची राज्य शासनाने. भरपाई शेकडा ८० हून कमी झाली तर कंपनीने हप्त्याचा शेकडा २० हिस्सा ठेवून बाकी रक्कम शासनास परत करावी. 'बीड नमुना' या नावाने ही पद्धत ओळखली जाते. तिचे गणित या लेखातील विवेचनाशी जुळते: नेहमीचे हेलकावे कंपनीने सोसावे आणि लांब टोक शासनाच्या तिजोरीने. शासन अनेक वर्षांचा व अनेक जिल्ह्यांचा हिशेब एकत्र करू शकते. मात्र लांब टोक शासनाने घेतल्यावर कंपनीच्या दरात राखीव रकमेचा जो भाग असतो तो त्या मानाने उतरला पाहिजे. तो उतरतो की नाही हे प्रत्येक निविदेच्या वेळी तपासून पाहावे लागेल.

पीक कापणीच्या वेळी पाहावयाच्या गोष्टी

प्रयोगाची शेते यादृच्छिक पद्धतीने निवडलेली असतात. निवडलेले शेत दूर आहे, चढण आहे, पाऊस आहे, म्हणून त्याऐवजी रस्त्यालगतचे शेत घेतले, तर चूक एका शेतापुरती राहत नाही. रस्ता सपाटीवरून जातो. गरवे भातही सपाटीवरच असते. म्हणजे बदललेले प्रत्येक शेत सरासरीस एकाच दिशेने ढकलते, आणि ती दिशा वाडीच्या विरुद्ध असते. पीक कापणी प्रयोगांची शास्त्रशुद्ध रीत या देशात बसविणाऱ्यांत डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे नाव अग्रगण्य आहे. प्रयोगाचा तुकडा फार लहान घेतला तर कडेची रोपे आत ओढली जाऊन उत्पन्न फुगते, हे त्यांनी दाखवून दिले. शेत निवडण्यातील सवलतही सरासरी तशीच फुगविते, आणि ही चूक कोणत्याही सूत्राने मागाहून निघत नाही.

प्रयोगाच्या नोंदीत भाताचे वाण, ते हळवे, निमगरवे की गरवे, जमीन खाचराची की वरकस, आणि कापणीची तारीख या चार गोष्टी न चुकता लिहाव्यात. शेतकऱ्याने प्रयोगाच्या वेळी स्वतः हजर राहावे व शेजाऱ्यांनाही बोलवावे. हिरव्या धान्याचे वजन झाल्यावर ते किती वाळविले आणि वाळल्यानंतर पुन्हा किती भरले हे विचारण्याचा त्यास अधिकार आहे. वाडीत जेवढे प्रयोग झाले असतील तेवढ्यांचे आकडे कार्यकर्त्याने आपल्या दैनंदिनीत मंडळाच्या सरासरीशेजारी लिहून ठेवावेत. पाच-सात हंगामांत वाडीचा आकडा सरासरीबरोबर हलतो की तिला सोडून जातो हे त्या दोन रकान्यांवरून कळेल. आणि तो सातत्याने सोडून जात असेल, तर उतारावरच्या वाड्यांचा वेगळा विमा घटक करावा अशी मागणी तालुका कृषी अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा समितीपुढे मांडताना हेच दोन रकाने पुराव्यास जोडता येतील.